अडीच हजारांत आईचे दहा रोज

ताई, नमस्कार.

माझं वय २६. सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावची आहे. पुण्यात कपड्यांच्या दुकानात बिलिंगला बसते, पगार १४ हजार. त्यातले चार हजार दर महिन्याला घरी पाठवते. धाकटा भाऊ १९ वर्षांचा, त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. चालता येत नाही, बोललेलं फक्त घरच्यांना कळतं, पण डोकं आमच्या सगळ्यांपेक्षा तल्लख. मोबाईलवर बोटाच्या पेरानं टाइप करतो. आठवीपर्यंत शिकला. हायस्कूल शेजारच्या गावात. बाबांना रोज उचलून नेणं जमेना, शाळा सुटली. बाबा शेतमजूर. वर्षातून चार-साडेचार महिने काम मिळतं, रोज ३५०. आई पूर्वी २५० रुपयांनी खुरपणीला जायची. आता भावाचं सगळं तीच करते आणि तिची कंबर गेली आहे. एका नेत्यांच्या वाढदिवसाला मिळालेली व्हीलचेअर आहे, पण तो तीत घसरतो, म्हणून तिच्यावर कपडे वाळत घालतो.

संजय गांधी योजनेचा अर्ज केला. तलाठ्यांनी माझा पगार धरला आणि उत्पन्नाचा दाखला २ लाख १३ हजारांचा झाला. अर्ज बसत नाही म्हणून तोंडीच सांगितलं. बँकेत खातं उघडायला गेलो तर साहेब म्हणाले, याला सही येत नाही, कोर्टातून पालक नेमून आणा. वकील २५ हजार सांगतात. भाऊ मला सारखा टाइप करून विचारतो, माझ्या नावाचं पासबुक कधी?

माझं लग्न ठरतंय. आत्या म्हणते, भावाचं सासरी एवढ्यात सांगू नकोस. मला वाटतं, लग्नच दोन वर्षं पुढे ढकलावं. काय करू?

– एक बहीण

नमस्कार.

वकिलांना पैसे दिले नसतील तर देऊ नका. बाकीचं सावकाश बोलू, हे आधी.

सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारांसाठी १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. अठरा वर्षांनंतर अशा व्यक्तीला कायदेशीर पालक हवा असेल तर तो जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती नेमते. समितीचे प्रमुख जिल्हाधिकारी असतात. अर्ज तिथे करायचा, त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. म्हणजे ज्याला पालक लागतो त्यालासुद्धा २५ हजार मोजायची गरज नाही.

पण तुमच्या भावाला पालक लागतो का? तुमच्याच पत्रावरून मला तसं दिसत नाही. त्याला कळतं, तो विचारतो, लिहितो, त्याला पासबुक स्वतःच्या नावाचं हवं आहे. साहेबांना त्याचं बोलणं कळलं नाही ही साहेबांची अडचण झाली, आणि तेवढ्यासाठी एकोणीस वर्षांच्या मुलाला जन्मभर कुणाच्या तरी सहीखाली ठेवणं मला पटत नाही. पालकत्व ज्याला खरंच लागतं त्याला मोठा आधार असतो, पण समोरच्याची सोय म्हणून ते कुणावर लादू नये. २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा स्पष्ट म्हणतो की आपले आर्थिक व्यवहार आपण पाहायचा हक्क दिव्यांग व्यक्तीला इतरांइतकाच आहे. सहीचं म्हणाल तर रिझर्व्ह बँकेच्या सूचना बँकांकडे कधीच्या आहेत. खातेदाराला सही जमत नसेल तर पैसे काढताना अंगठा चालतो, हाताचा जमत नसेल तर पायाचाही चालतो. बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी असावा लागतो. बस.

पुढच्या वेळी भावाला घेऊन जा आणि मोबाईल त्याच्या हातात असू द्या. साहेबांनी नाव, पत्ता, खातं कशासाठी हवं, सगळं त्यालाच विचारावं, तो टाइप करून दाखवेल. वेळ लागेल, मागे रांग कुरकुरेल, कुरकुरू द्या. तरीही नाही म्हणाले तर शांतपणे सांगा, "हे कारण आमच्या अर्जावर लिहून द्या." लिहून द्यायची वेळ आली की बरेच नियम आठवतात. तेही जमलं नाही तर बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिला फी नाही.

आता उत्पन्नाचा दाखला. खरी गाठ तिथे आहे.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाची उत्पन्नमर्यादा वर्षाला ५० हजार आहे. म्हणजे महिन्याला ४,१६६ रुपये. बाराही महिने रोजानं जाणारा एक धडधाकट माणूस घरात असला की ही रेघ ओलांडली जाते. शेजारी लाडकी बहीण योजना ठेवून बघा. ती २०२४ साली सुरू झाली आणि तिची मर्यादा अडीच लाखांची ठेवली. एकाच राज्यात, एकाच गावात. २०१६चा कायदा म्हणतो की दिव्यांगांची मदत इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के जास्त हवी, पण निवृत्तिवेतनाला उत्पन्नाची मर्यादा किती ठेवायची हे त्यानं सरकारवर सोडलं. रक्कम वाढली की बातमी होते. मर्यादा आहे तिथेच राहते आणि तिची बातमी होत नाही. परिणाम काय होतो ते तुम्हाला मी सांगायला नको. गावोगाव दाखले '४८ हजार', '४५ हजार' असे निघतात आणि ज्याची ओळख नाही त्याचा आकडा तेवढा खरा भरतो.

खोटा दाखला काढा असं मी सांगणार नाही. तुम्हाला त्याची गरजही दिसत नाही. बाबांचं काम चार-साडेचार महिने, म्हणजे साधारण १३० दिवस. ३५० रुपयांनी ४५,५०० झाले. हा आकडा मर्यादेच्या आत आहे आणि खरा आहे. वरचे १ लाख ६८ हजार तुमच्या पगाराचे. तुम्ही पुण्यात राहता, तिथलं भाडं भरता, तिथे जेवता. ते पैसे गावातल्या चुलीवर शिजत नाहीत. घरी जातात ते चार हजार.

तलाठी अहवाल देतात, दाखला तहसीलदारांचा असतो. म्हणून फेरचौकशीचा अर्ज तहसीलदारांच्या नावानं द्या. भाडेकरार किंवा खोलीमालकाचं पत्र, पगाराची स्लिप, बाबा ज्यांच्या शेतावर जातात त्या दोन-तीन शेतकऱ्यांचे जबाब जोडा. बाबांना आजपासून एका वहीत कामाचे दिवस लिहायला सांगा: तारीख, कुणाचं शेत, किती मिळाले. रेशनकार्डावर तुमचं नाव अजून आई-बाबांबरोबर असेल तर पगार धरायला तेच कारण झालं असणार. पुण्यात राहता म्हणून किंवा उद्या लग्न होईल म्हणून ते कमी होणारच असेल तर ते काम आधी उरका. आणि तोंडी नकार हा नकार नसतो. अर्ज देताना पोच घ्या, पोच मिळेपर्यंत टेबल सोडू नका. अर्जावर तालुक्याची समिती निर्णय घेते, तो कारणासह लेखी मागा. मिळाला नाही तर दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज करा, उत्तराला तीस दिवसांची मुदत असते.

मंजूर झालं तर किती मिळतील? या योजनेतल्या दिव्यांगांची रक्कम २०२५ साली दीड हजारावरून अडीच हजार झाली. तुमच्या आईचा रोज २५० होता. म्हणजे सरकारचे महिन्याचे अडीच हजार म्हणजे आईचे दहा रोज. आई भावाजवळ तीस दिवस असते. उरलेले वीस ती पदरचे घालते, आणि ते कुठल्याच दाखल्यावर येत नाहीत. अमर्त्य सेन यांनी हे दोन भागांत मांडलं आहे. अपंगत्वामुळे कमाई घटते हा एक तोटा. आणि तेवढ्याच पैशात इतरांसारखं जगताही येत नाही, कारण गाडी करावी लागते, माणूस लागतो, साधनं लागतात, हा दुसरा. उत्पन्नाचा दाखला पहिला तोटा अर्धामुर्धा मोजतो, दुसरा मोजतच नाही. तुमच्या घराची गरिबी भावामुळे आलेली नाही. सांभाळायचं सगळं काम एकाच बाईवर, फुकट टाकलं, त्यातून ती आली आहे. म्हणून मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त काळजी आईच्या कमरेची वाटली. ती आडवी झाली तर कुठलंही अनुदान ते घर उभं करू शकणार नाही.

तेव्हा त्या व्हीलचेअरकडे वळू. वाढदिवसाच्या शिबिरातल्या खुर्च्या बहुतेक एकाच मापाच्या असतात. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला पाठीला, मानेला, कमरेला बाजूनं आधार लागतो, पट्टा लागतो, पाय टेकायला योग्य उंचीची फळी लागते. नाहीतर तो घसरतो आणि दर अर्ध्या तासानं आई काखेत हात घालून त्याला वर ओढते. कंबर जायला दुसरं कारण शोधायला नको. केंद्राच्या एडिप योजनेत मापाची साधनं मिळतात, महिन्याचं उत्पन्न २२,५०० पर्यंत असेल तर पूर्ण मोफत. (इथे मर्यादा माणसांसारखी आहे, तुम्ही सहज बसता.) कानपूरच्या एलिम्को कंपनीची तपासणी शिबिरं जिल्ह्यात होतात, त्यांची तारीख जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात विचारा. शिबिरात 'व्हीलचेअर' एवढंच लिहू देऊ नका, 'सीपी चेअर' म्हणा आणि माप घ्यायला लावा.

खुर्ची येईपर्यंत भावाची खाट आणि बसायची खुर्ची एका उंचीला आणा. पायांखाली लाकडी ठोकळे चालतील, फक्त हलता कामा नयेत. उंची सारखी झाली की त्याला उचलावं लागत नाही, सरकवता येतं. एखाद्या फिजिओथेरपिस्टकडे एकदा आई आणि बाबा दोघांनाही न्या आणि उचलण्या-सरकवण्याची रीत शिकून घ्या. दोघांनाही म्हटलं, हे लक्षात घ्या. वर्षातले सात-साडेसात महिने बाबांना काम नसतं. त्या महिन्यांत भावाची आंघोळ आणि दुपारचं बघणं बाबांचं ठरलं, तर आईला दुपारचा वेळ मिळतो. विश्रांती घेईल, नाहीतर बसून करायचं एखादं काम धरेल, तिचं ती ठरवेल. गावात पुरुष हे करत नाहीत असं कुणी म्हणेल. बाबा त्याला उचलून शाळेत नेत होते, तेही किती पुरुष करतात?

थेरपीचा खर्च राष्ट्रीय न्यासाच्या निरामय विम्यातून भागू शकतो. वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण, आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही, सेरेब्रल पाल्सी त्यात बसते. न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत नाव घालता येतं.

कागदांत सगळ्यात आधी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, बघा. भावाचं प्रमाणपत्र जुनं, हातानं लिहिलेलं असेल तर आता ते पुरत नाही. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज होतो, गावच्या आपले सरकार केंद्रातही भरून देतात, मग ठरलेल्या वारी रुग्णालयात तपासणीला जायचं. कार्ड निळं आलं तर अपंगत्व ८० टक्के किंवा त्याहून जास्त, पिवळं आलं तर ४० ते ८०च्या मधलं. ८० किंवा त्याहून जास्त असेल आणि दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतनाचे ३०० रुपये असतात. २००९ साली ही योजना सुरू झाली, आजही केंद्राचा वाटा ३००च आहे. यावर काय बोलणार. एसटीत त्याला ७५ टक्के सवलत आहे, त्यासाठीही कार्ड लागतं. रेशनचं अंत्योदय कार्डही मागून बघा. २०२० साली केंद्रानं राज्यांना पात्र दिव्यांगांना अन्नसुरक्षेत घ्यायला सांगितलं आहे, आणि अंत्योदयात कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं.

ग्रामपंचायतीचं मात्र जरा खोलात सांगते, कारण तिथे लोक जातच नाहीत. स्वतःच्या उत्पन्नाच्या, म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी वगैरेंच्या ५ टक्के रक्कम ग्रामपंचायतीनं दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. समजा गावाचं स्वउत्पन्न सहा लाख आहे, तर ३० हजार झाले. गावात बारा दिव्यांग असतील तर वाटून प्रत्येकी अडीच हजार, वर्षाचे. बहुतेक ठिकाणी मार्च उजाडला की हेच होतं: धनादेश, फोटो, मिटलं. वाटप वाईट आहे असं नाही, घरात चार पैसे येतात. पण बारा घरांनी एकत्र येऊन ग्रामसभेत मागितलं तर त्या ३० हजारांत बारा घरांचे संडास बसण्याजोगे होऊ शकतात: कठडा, कमोडची खुर्ची, उंबऱ्याला उतार. तुमच्या आईसाठी यातली कमोडची खुर्ची अडीच हजारांच्या धनादेशापेक्षा मोलाची आहे. गावातल्या दिव्यांगांची यादी आणि मागच्या तीन वर्षांचा खर्च ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे लेखी मागा. अर्ज भावाच्या नावानं करा. तो टाइप करेल, तुम्ही छापून द्या.

सांभाळणाऱ्या माणसाला भत्ता द्यावा हेही २०१६च्या कायद्याच्या कलम २४मध्ये आहे, ज्यांना जास्त आधार लागतो अशा दिव्यांगांसाठी. केरळात आश्वासकिरणम नावाची योजना आहे, तिथे सांभाळणाऱ्याला महिन्याला ६०० रुपये ठरवले आहेत. सहाशे रुपये म्हणजे फार नाही, पण सांभाळणं हे काम आहे एवढं तरी त्यात मान्य केलं आहे. तुमच्या आईच्या हातात असं काही आलेलं नाही. तुमचा आमदार गावात आला तर मागायची गोष्ट ही आहे, आणि ५० हजारांची मर्यादा ही दुसरी. खुर्च्यांचं वाटप मागू नका.

शाळेचं तुम्ही एका ओळीत लिहिलंत, पण माझं मन तिथे अडकलं. आठवी झालेल्या, तल्लख डोक्याच्या मुलाला दहावी अजूनही देता येते. १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसता येतं, किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून. वर्गात जायची गरज नाही, लेखनिक मिळतो, जास्तीचा वेळ मिळतो, आणि ते दोन्ही आधी अर्ज करून मंजूर करून घ्यायचं असतं. सरकारी नोकरीत दिव्यांगांना ४ टक्के आरक्षण आहे आणि त्यात सेरेब्रल पाल्सी आहे, पण दहावीच नसेल तर त्या चार टक्क्यांचा त्याला काय उपयोग? त्याला विचारा मात्र. त्याला परीक्षा नको असेल, दुसरंच काही शिकायचं असेल, तर तसं.

आता लग्न. ढकलू नका.

दोन वर्षांत वरचं सगळं होईल आणि मग मोकळ्या मनानं लग्न करू, असं तुमच्या मनात असेल. कामं होतील, काही राहतील, आणि दोन वर्षांनी आणखी एक कारण सापडेल. तुम्ही घरी पाठवता ते चार हजार लग्नानंतरही पाठवू शकता. प्रश्न तेवढाच आहे आणि तो उघड बोलून सुटणारा आहे. आत्याबाईंना नमस्कार सांगा, पण त्यांचं ऐकू नका. लपवलेला भाऊ पहिल्या दिवाळीला सापडतो, आणि मग तुमच्या प्रत्येक मनीऑर्डरकडे संशयानं बघितलं जातं. त्यांची भीती कळते मला: "आनुवंशिक असेल तर?" सेरेब्रल पाल्सी बहुतेक वेळा गर्भात, बाळंतपणात किंवा जन्मानंतर लगेच मेंदूला इजा झाल्यानं होते, बहिणीच्या पोटातून ती सहसा पुढे जात नाही. तरी शंका राहिली तर मुलाला घेऊन डॉक्टरांकडे जा, दोघांनी मिळून विचारा.

मुलाशी मात्र तुम्ही स्वतः बोला, मध्यस्थामार्फत नको. रक्कम सांगा: महिन्याला चार हजार, पगार वाढला तर पाच. वर्षातून किती वेळा गावी जाणार तेही सांगा. आई-बाबांनंतर भाऊ कुठे राहील याचा विचार आपल्याला दोघांना करावा लागेल, हेही आत्ताच बोला. त्यावर तो काय म्हणतो यापेक्षा तो प्रश्न विचारतो का, हे बघा. भावाला भेटायला येतो का, आणि आल्यावर त्याच्याशी बोलतो की तुमच्याशी बोलून त्याच्याबद्दल विचारतो, हेही.

तहसीलदारांचा अर्ज आणि बँक ही दोन कामं या महिन्यात धरा, व्हीलचेअर आणि ग्रामसभा पुढच्या. तहसीलमधून लेखी नकार आला तर त्यातलं कारण जसंच्या तसं मला कळवा. पुण्यातल्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करायची असली तर तिचा मसुदा त्या कारणावरून ठरेल, आणि तो आपण मिळून करू.